अरबी घोड्याचं पोर्ट्रेट: लेन्सच्या आधी कान बघा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. गडहिंग्लजजवळ तुमच्या मित्राने पाच वर्षांचा करडा अरबी घोडा आणलाय. पोलंडच्या वोयतेक क्व्यात्कोव्स्की यांच्यासारख्यांनी काढलेले अरबी घोड्यांचे फोटो बघून तुम्हीही कॅमेरा घेऊन गेलात. हाती आलं ते असं: नाक भलंमोठं, डोकं लांबुळकं, आणि डोळ्याच्या जागी काळा खड्डा. आता ८५ मिमी १.४ लेन्स (मागचं धूसर करणारी पोर्ट्रेटची लेन्स) घ्यावी का, असं विचारताय. शेवटी जाता जाता एक ओळ टाकलीय: "तुमचे स्वतःचे आवडते अरबी पोर्ट्रेट कोणते, आणि का?"

मला विचाराल तर ती शेवटची ओळच महत्त्वाची आहे. नाक आणि डोळा ही दुरुस्त होणारी दुखणी आहेत, त्यांचं खाली सांगतोच. पण तुम्ही जोडलेले फोटो परत एकदा उघडून बघा. जवळजवळ प्रत्येकात घोड्याचे कान मागे नाहीतर बाजूला पडलेले आहेत, आणि दोर ताणलेला आहे. तो घोडा तिथे नाइलाजाने उभा आहे. उद्या लाखाची लेन्स लावलीत तरी हा नाइलाज तेवढाच स्पष्ट दिसेल, किंबहुना जास्तच.

काही गोष्टी परिस्थितीवर असतात हे कबूल. घोडा नवीन जागी रुळलाय का, मोतद्दार (घोडा सांभाळणारा माणूस) कोण आहे, तबेल्याचं दार कुठल्या दिशेला आहे, पाऊस आहे की उन्हाळा, यावर निम्मं काम ठरतं. मी कोल्हापूर आणि आसपासच्या शौकिनांकडे, कधी पुण्याकडच्या फार्मवर घोडे काढतो. वाळवंटातले किंवा युरोपातल्या हिरव्या कुरणांवरचे नाही. तेव्हा पुढचं सगळं आपल्याकडच्या उजेडाचं आणि आपल्याकडच्या तबेल्यांचं आहे असं धरून वाचा.

नाकाचा हिशोब सोपा आहे. घोडा तुमच्याकडे तोंड करून उभा असला की त्याचे डोळे नाकापेक्षा साधारण ४० सेंटिमीटर मागे असतात. तुम्ही नाकापासून १ मीटरवर उभे राहिलात तर डोळ्यांच्या मानाने नाक १.४ पट मोठं येणार. ४ मीटरवर गेलात तर तोच फरक १.१ पटीवर येतो. यात लेन्सचा काही संबंध नाही, सगळा खेळ अंतराचा आहे. लेन्स फक्त एवढंच ठरवते की त्या अंतरावरून चौकटीत काय मावेल. फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर २०० मिमी लावून ४ मीटरवरून आडव्या चौकटीत सुमारे ७२ सेंटिमीटर रुंदी मिळते, म्हणजे डोकं आणि मानेची सुरुवात. तेवढीच चौकट मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याने भरायची तर अर्ध्या मीटरवर जावं लागतं. मग नाकाचा भोपळा होतोच. अरबी घोड्याला हे जास्त जाचतं, कारण त्याची सगळी शान डोक्याच्या घडणीत आहे. कपाळ किंचित पुढे आलेलं, डोळे मोठे, डोळ्यांखाली नाकाची रेघ आत खोलगट वळलेली, आणि तोंड निमुळतं होत गेलेलं. जवळून काढलं की हे निमुळतं तोंडच सगळ्यात मोठं दिसतं, म्हणजे नेमकं उलटं चित्र.

१.४ चंही याच हिशोबात बघा. हा एफ आकडा लेन्सच्या भोकाचा: आकडा जितका लहान तितकं भोक मोठं आणि फोकसमध्ये राहणारी खोली कमी. २०० मिमी, ४ मीटर आणि एफ २.८ ला फोकसची खोली जेमतेम ६-७ सेंटिमीटर असते. एफ ५.६ ला ती १३ च्या आसपास जाते. घोडा तिरपा उभा असेल तर मी ५.६ च्या खाली सहसा उतरत नाही. एकदम बाजूने काढताना डोळा आणि नाकपुडी जवळपास एकाच पातळीत येतात, तेव्हा ४ चालतं. उभ्या घोड्यालाही शटर ५०० च्या, म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या भागाच्या, खाली (त्याहून हळू) नेऊ नका. तुम्हाला तो स्तब्ध वाटतो, पण कान आणि ओठ सतत हलत असतात.

उंचीबद्दल एकच. अरबी घोडा फार उंच नसतो, खांद्याशी साधारण साडेचौदा-पंधरा 'हँड' (घोडा मोजायचं चार इंची माप), म्हणजे १५० सेंटिमीटरच्या आसपास. पोर्ट्रेटला कॅमेरा त्याच्या गालाच्या पातळीत ठेवा. कोल्हापुरात कावळा नाक्यावर ताराराणींच्या घोड्यावरच्या पुतळ्याखाली उभं राहून वर बघितलं की घोडा अंगावर येतो. पुतळ्याला ते शोभतं. जिवंत घोड्याच्या चेहऱ्याला खालून बघितलं की हनुवटी आणि नाकपुड्याच उरतात.

आता डोळ्याचा खड्डा. तुमच्या मित्राचा घोडा खरंच अरबी असेल तर त्याच्या पांढुरक्या केसांखाली कातडी काळी आहे. डोळ्याभोवती केस विरळ, त्यामुळे तिथे काळं कडं. बुबुळ गडद. काळ्यात काळं, त्यात दुपारचं ऊन डोक्यावर, म्हणजे भुवईच्या हाडाची सावली थेट डोळ्यात. खड्डा दिसणार नाही तर काय? त्याला औषध एकच: त्या डोळ्यासमोर मोकळं आभाळ पाहिजे. मग बुबुळात आभाळाचा एक तुकडा उतरतो आणि डोळा जागा होतो.

(इथे एक पदरचं सांगतो. सारंगखेड्याच्या किंवा अकलूजच्या बाजारात 'अरबी' म्हणून दाखवतात ते शुभ्र घोडे पुष्कळदा नुकरा, म्हणजे आपल्याकडचे पांढरे घोडे, असतात. त्यांची कातडी गुलाबी, नाकाच्या शेंड्याला बघितलं की कळतं. कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकत असतील तर मारवाडी किंवा काठियावाडी रक्त आहे. घोडा तेवढाच देखणा असू शकतो, पण त्याला वेगळ्या कोनातून काढावं लागतं. मारवाडीचे कान समोरून बघायचे, अरबीची रेघ बाजूने. आपल्याकडे कुठल्याही उमद्या घोड्याला अरबी म्हणायची सवय जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात आखातातून बसरा-कुवेतकडचे घोडे गलबतांनी मुंबईत उतरायचे आणि तिथून फौजांत, संस्थानिकांच्या पागांत जायचे. १८०३ च्या असईच्या लढाईत इंग्रज सेनापती वेलस्लीच्या मांडीखाली भाला लागलेला घोडा, डायोमेड, तोही करडा अरबीच होता.)

मी बहुतेक पोर्ट्रेट तबेल्याच्या दारात काढतो. घोडा दाराच्या आत, छपराच्या सावलीची कड जिथे संपते तिथून हातभर मागे. मी बाहेर अंगणात. त्याच्या चेहऱ्यावर समोरच्या आभाळाचा मऊ उजेड येतो, आणि पाठीमागचा तबेला अंधारा असल्याने एक्सपोजर चेहऱ्यावर धरलं की मागचं सगळं आपोआप काळं होतं. लोकांना वाटतं स्टुडिओत काढलाय किंवा मागचं पुसलंय. पुसावं काहीच लागत नाही, फक्त मागच्या भिंतीतली खिडकी गोणपाटाने झाकायची आणि चकाकणाऱ्या बादल्या बाजूला करायच्या. करडा घोडा काळ्या पार्श्वभूमीवर असेल तर कॅमेरा अंधार बघून फसतो आणि घोडा पांढराफटक करून टाकतो. एक्सपोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप (उजेडाची एक पायरी) कमी करा, हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, बघा, कपाळावरचे केस दिसताहेत का ते बघा. आणि तोच घोडा उजळ भिंतीपुढे काढला तर उलटं, थोडं वाढवावं लागतं.

तुमच्या भागात आणखी एक गोष्ट सांभाळा. आजरा-चंदगडकडे जसजसं जाल तशी जांभ्याची तांबडी माती लागते. अंगण तांबडं असेल आणि त्यावर ऊन पडलं असेल तर करड्या घोड्याच्या जबड्याखाली, गळ्याखाली गुलाबी-नारिंगी झाक येते. फोटो बघून मालक विचारतो, हळद लावली का घोड्याला? अंगणात दोन-तीन पांढरी पोती उसवून पसरा, कडांवर दगड ठेवा. वाऱ्याने पोतं फडफडलं तर मात्र पोर्ट्रेट तिथेच संपलं असं समजा.

ऋतूंपैकी मला पावसाळाच आवडतो. बाहेरच्या फोटोग्राफरांना आपला जून ते सप्टेंबर वाया गेलेला वाटतो. पण ढगाळ आभाळाएवढा मोठा आणि मऊ दिवा कुठल्याच स्टुडिओत नाही. त्रास एकच, माश्या. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात चिकट पाणी साचतं आणि त्यावर माश्या बसतात. कोमट पाण्यात बुडवलेला स्वच्छ कापूस कोपऱ्याकडून बाहेर एकदाच फिरवायचा, आणि ते काम मोतद्दाराने करायचं, तुम्ही नाही. डोळ्याभोवती आणि नाकावर तेल लावून चमक आणायची प्रदर्शनातली पद्धत मी वापरत नाही. एक तर धूळ चिकटते, आणि कातडी ओली नसून तेलकट आहे हे फोटोत लगेच कळतं.

आता कानांकडे येतो, कारण माझं सगळं म्हणणं तिथेच आहे. अरबी घोड्यांच्या प्रदर्शनात घोड्याने मान उंच ताणावी, डोळे विस्फारावेत, नाकपुड्या फुलवाव्यात अशी अपेक्षा असते. त्यासाठी कुणी प्लास्टिकची पिशवी फडफडवतो, कुणी छत्री फटकन उघडतो. फोटो जोरदार येतो. पण घोडा बघत असतो तो धोक्याकडे. तुम्ही ज्याला तेज म्हणता ती पुष्कळदा भीती असते. एकदा हे दिसायला लागलं की मग असे फोटो भिंतीवर लावावेसे वाटत नाहीत. या प्रदर्शनांत नाकातोंडावरचे लांब राठ केसही सफाचट करायची रीत आहे. घोड्याला नाकाच्या पुढचं अगदी जवळचं दिसत नाही, तिथे तो याच केसांनी चाचपतो. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने १ जुलै २०२१ पासून असे केस कापलेल्या घोड्यांना आपल्या स्पर्धांत मज्जाव केलाय. माझ्याकडे येणाऱ्या मालकांना मी आधीच फोनवर सांगतो, मिशा ठेवा. बाजूच्या उजेडात ते केस एकेक चमकतात आणि तोंडाला जिवंतपणा येतो.

मग कान पुढे आणायचे कसे? एक नवखा आवाज एकदा चालतो, फार तर दोनदा. तिसऱ्यांदा घोडा तुम्हाला ओळखून बसतो. चंदीची बादली हलवली तर कान येतात, पण मानही पुढे येते आणि तोंड चघळायला लागतं. सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे त्याच्या जोडीच्या घोड्याला फाटकाबाहेर नेणं. मग तो खरोखर कुणाची तरी वाट बघतो. दहा-पंधरा सेकंदांसाठी तो पूर्ण हजर असतो, कान पुढे, मान आपसूक वर, तोंड मिटलेलं. तेवढ्यात तुमचं काम व्हायला पाहिजे. नाकपुड्या फुललेल्या हव्या असतील तर आधी दहा मिनिटं दुडक्या चालीने फिरवून आणा. अरबीची कातडी पातळ असते. जरा श्रम झाले की गालावरच्या शिरा उठतात, नाकपुड्या रुंदावतात, आणि त्यात घाबरवणं कुठेच नसतं.

दोर धरणारा माणूस फोटोग्राफरपेक्षा महत्त्वाचा. एका म्हाताऱ्या मोतद्दाराने मला सुरुवातीलाच अडवलं होतं: "जरा दमानं घ्या साहेब, त्येला कळू द्या तुमी कोन हाय ते." मी कॅमेरा पिशवीत ठेवून कट्ट्यावर बसलो, चहा घेतला. घोडी आपण होऊन जवळ आली, पिशवी हुंगली, शर्टाची बाही ओली केली आणि परत गेली. त्यानंतर शटरच्या आवाजाकडे तिने लक्षच दिलं नाही. दोर सैल हवा, म्हणजे मोरखीचा, घोड्याच्या डोक्यात अडकवतात त्या साजाचा, पट्टा गालात रुतत नाही. मोरखी साधी, बारीक, गडद रंगाची घ्या. बाजारातली जाड लाल नायलॉनची मोरखी नंतर पुसायला बसलात तर केसांची दिशा जुळवता जुळवता रात्र जाईल. शाही दसऱ्यासाठी सजवतात तसे गोंडे आणि कपाळपट्ट्या मिरवणुकीत शोभतात, पण अरबी घोड्याचं कपाळच झाकून टाकतात.

आता माझे आवडते.

पहिली ती म्हातारी घोडी, वर जिची गोष्ट सांगितली तीच. करडे घोडे जन्मतात गडद आणि वयाबरोबर पांढरे होत जातात. काहींच्या अंगावर पुढे तांबूस बारीक ठिपके उमटतात. हिच्या गालावर आणि मानेवर तसे ठिपके होते, सांडलेल्या मिरचीपुडीसारखे. वयामुळे डोळ्यांवरचे खळगे खोल गेलेले, खालचा ओठ सैल. दारातला उजेड. एक कान मोतद्दाराकडे वळलेला, दुसरा समोर. नियमाप्रमाणे दोन्ही कान पुढे हवेत, या फोटोत नाहीत. पण त्या वाकड्या कानामुळेच कळतं की ती घाबरलेली नाही, आणि तिला ठाऊक आहे की शेजारी तिचा माणूस उभा आहे. मालकांना खळगे भरून पाहिजे होते. मी म्हटलं, मग दुसरी घोडी उभी करा. बरीच हुज्जत झाली, शेवटी त्यांनी तरुणपणीच्या ऐटीतला वेगळा फोटो दिवाणखान्यात लावला आणि हा माझ्याकडे राहिला.

दुसरा एक तांबडा नर, श्रावणातल्या सरीनंतर. तांबडा रंग ओला झाला की गडद होतो आणि त्याखालची सगळी घडण दिसायला लागते, जबड्याचं गोल हाड, गळ्याशी मान जिथे डोक्याला मिळते तिथली कमान. अरबी घोड्यात ही जागा मला डोळ्यांपेक्षाही सुंदर वाटते. तो फोटो एकदम बाजूने आहे, मागे उसाचा हिरवा पट्टा पूर्ण धूसर, आणि कपाळावरच्या केसांतून पाण्याचा थेंब सुटायच्या बेतात. मालकाची अट होती की गळ्यावरचा देवमण, म्हणजे शुभ मानतात तो भोवरा, दिसलाच पाहिजे. भोवऱ्यांवर माझा विश्वास नाही. पण त्याच्या हट्टापायी मी दोन पावलं डावीकडे सरकलो, आणि ती मानेची कमान तिथूनच सापडली.

आणि एक जो लोकांना फार आवडतो, मला तितकासा नाही: मागच्या पायांवर उभा राहिलेला घोडा, मागे धूळ, सोनेरी ऊन. व्हॉट्सॲपवर फिरतो तोच. फोटो म्हणून ठीक आहे. पण त्यात तो घोडा कोण हे कळत नाही, कुठलाही असता तरी चाललं असतं.

माझा हा कल तयार झाला त्याला दोन गोष्टी कारण आहेत. कार्ल रासवान या जर्मन माणसाने गेल्या शतकाच्या पूर्वार्धात वाळवंटातल्या भटक्या बेदुइन टोळ्यांबरोबर राहून त्यांच्या घोड्यांचे फोटो काढले. ते घोडे सडपातळ, धुळकट, तंबूशेजारी पेंगत उभे असलेले. आजच्या प्रदर्शनांतली अतिखोलगट डोकी तिथे दिसत नाहीत, आणि तरी अरबी म्हणून शंका येत नाही. दुसरं, इंग्रज चित्रकार जॉर्ज स्टब्सने १७६२ च्या सुमारास रंगवलेला व्हिसलजॅकेट नावाचा घोडा. हा शर्यतीचा थरोब्रेड, पण त्या जातीच्या मुळाशी पूर्वेकडचे घोडे आहेत आणि याच्या चेहऱ्यावर ते दिसतं. लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं हे चित्र जवळपास तीन मीटर उंच आहे, आणि घोड्यामागे काही म्हणजे काही नाही. ना झाड, ना आभाळ. तबेल्याच्या अंधाऱ्या दाराचा मला लागलेला नाद तिथून आलाय.

फोटो काढल्यावर एडिटिंगमध्ये काय करावं, हेही विचारलंय. गवताची काडी, मोरखीची कडी, डोळ्याजवळची माशी, हे काढा. नाकाचा बाक खोल करू नका. सॉफ्टवेअरमध्ये हे चुटकीसरशी होतं, त्यामुळे सर्रास चालतं. पण हे फोटो पुढे खरेदी-विक्रीत फिरतात. घोडा बघायला आलेल्या माणसाला फोटोतलं डोकं एक आणि दारातलं डोकं दुसरं दिसलं, तर ती सरळ फसवणूक आहे.

लेन्सचं उत्तर आता तुम्हीच देऊ शकाल. तुमच्याकडे ५५-२५० किट लेन्स आहे असं लिहिलंय. तुमच्या क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर तिचं १३० मिमी म्हणजे जवळपास २०० चं काम. ४ मीटरवर उभे राहा, एफ ५.६, शटर ५००, आणि आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) जिथे जाईल तिथे जाऊ द्या. ८५ सध्या घेऊ नका. पुढे घ्यायचीच झाली तर ७०-२०० एफ ४ बघा, २.८ चं वजन आणि किंमत या कामाला लागत नाही. कोल्हापुरात कॅमेऱ्याचं सामान भाड्याने मिळतं, आधी एक दिवस आणून बघा.

घोडा पाच वर्षांचा आणि करडा म्हणताय, म्हणजे अंगावर अजून गडद-फिकट चकत्या असतील. त्या फार वर्षं टिकत नाहीत, पांढऱ्यात विरून जातात. तेव्हा या पावसाळ्यातच एक दिवस काढा. जोडीचा घोडा आणि सैल दोर धरणारा माणूस आधी ठरवून ठेवा. फोटो आले की इथेच टाका, कान बघून सांगतो.